तपासणीच्या वेळी सोबत : रुग्णाचा हक्क, व्यवस्थापनाचे कर्तव्य

रुग्ण व डॉक्टर यांचे नाते विश्वासावर उभे असते. तथापि स्तन, जननेंद्रिय वा गुदद्वार यांच्या तपासणीच्या वेळी रुग्णास संकोच वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एक जबाबदार, तिसरी व्यक्ती उपस्थित असणे म्हणजेच तपासणीतील सोबत.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे अंमलबजावणीसाठी पाठविली. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची शारीरिक तपासणी करीत असता अन्य स्त्री हजर असणे हा तीनुसार रुग्णाचा हक्क असून, तशी व्यवस्था करणे हे रुग्णालय व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यातील कलम २७ त्याहून पुढे जाते. पीडित मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते. पालक अथवा बालकाच्या विश्वासातील व्यक्ती हजर राहू शकत नसल्यास वैद्यकीय संस्थेच्या प्रमुखाने नेमलेली स्त्री तेथे उपस्थित असावी लागते.

कर्तव्य व्यवस्थापनाचे असल्याने ‘रुग्णाने मागणी केली नाही’ ही सबब उरत नाही. अनेक भगिनी संकोचापोटी काहीच मागत नाहीत. नातेवाईक बरोबर आहेत म्हणजे सोबत झाली, हाही गैरसमज होय. पांढरे जाणे, गर्भपात वा घरातील मारहाण यांविषयी सून सासूबाईंसमोर मोकळेपणाने बोलेलच असे नाही. म्हणून विचारपूस एकांतात व तपासणी प्रशिक्षित परिचारिकेच्या उपस्थितीत, हा क्रम आम्ही योग्य मानतो. रुग्णाची इच्छा असल्यास नातेवाईकही थांबू शकतात.

सोबतीस असलेल्या परिचारिकेने पडद्याबाहेर नव्हे, तर आत, रुग्णाच्या उशाशी उभे राहावे. तिचे नाव व वेळ केसपेपरवर नोंदवावी. रुग्णाने सोबत नाकारल्यास तो नकारही नोंदवावा. पुरुष रुग्णाने विनंती केल्यास त्यासही ही सोय मिळावी. अशा नोंदीमुळे डॉक्टरांनाही गैरसमजापासून संरक्षण लाभते.

गर्दीच्या वेळी बाह्यरुग्ण विभागात परिचारिकेस या कामासाठी मोकळे ठेवणे खर्चाचे असते, आणि जमाखर्चात या सेवेसमोर उत्पन्नाचा आकडा येत नाही. तरीही औषधे व उपकरणे यांप्रमाणेच हा खर्च अत्यावश्यक आहे, असे आमचे मत आहे. देणगीदारांनी परिचारिकांच्या वेतनास दिलेले साहाय्य या कामीही येते.

रुग्णभगिनींना आमची विनंती आहे, की सोबत नसेल तर तपासणी थांबवून ती अवश्य मागावी. त्यात डॉक्टरांवरील अविश्वास नाही.