श्रद्धेची कैफियत

ख्रिस्ती धर्मशास्त्रात श्रद्धेच्या समर्थनाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिचे ‘अपोलोगेटिक्स’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, तो कोर्टकचेरीतला आहे. ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपीने न्यायासनापुढे मांडलेली आपली बाजू. आपल्याकडे दाव्यात प्रतिवादी कैफियत देतो, तसाच हा प्रकार. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात हाच शब्द आला आहे. आपल्या आशेमागचे कारण कोणी विचारले तर जबाब देण्याची तयारी ठेवावी, मात्र तो सौम्यपणे द्यावा, असा तेथील उपदेश आहे.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ही कैफियत द्यायला शिकवावे कसे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे. मी ख्रिस्ती नव्हे. परंतु तरुण कामगारांना आपली बाजू आपण मांडायला शिकविणे हेच माझे आयुष्यभराचे काम आहे. आणि या प्रश्नाचे सर्वांत मोलाचे उत्तर कारखान्याच्या फाटकाशीच सापडले, म्हणून मी या विषयाकडे वळलो.

जुनी रीत प्रश्नोत्तरांची. ल्यूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न आहेत. २०११ साली कॅथलिक तरुणांसाठी निघालेल्या ‘यूकॅट’ या पुस्तकात ५२७ आहेत. या रीतीला हसण्याचे कारण नाही. आपण काय मानतो हे ज्याला चार वाक्यांत सांगता येत नाही, तो त्याचे समर्थन काय करणार? पण तिच्यात एक उणीव आहे. प्रश्नही गुरुजींचा आणि उत्तरही गुरुजींचेच. मागण्यांची सनद तोंडपाठ केलेला पोरगा साहेबाने एक आडवा प्रश्न टाकताच गप्प होतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पाठांतराला उलटतपासणी सोसत नाही.

दुसरी रीत जाहीर वादाची. ती मराठी माणसाला चांगली परिचित आहे. १८३१ च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. १८५७ साली समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात वाद झाले. ते प्रौढ आणि अभ्यासू लोकांचे काम होते. तेच हत्यार कोवळ्या पोराच्या हाती दिले, तर तो वाद जिंकतो आणि मित्र गमावतो. पेत्राने सांगितलेला सौम्यपणा मग कोठे राहिला?

तिसरी रीत बेल्जममध्ये निघाली. जोसेफ कार्डिन हा १८८२ साली जन्मलेला कष्टकऱ्याचा मुलगा. तो पाद्री होण्यासाठी शिकायला गेला आणि त्याचे शाळासोबती कारखान्यात गेले. सुटीत परत आल्यावर त्याला दिसले की, ते सोबती आता त्याला परका, जवळजवळ शत्रू समजतात. एखाद्या नास्तिकाने त्यांना वादात हरविले होते असे नव्हे. चर्चमध्ये शिकलेल्या गोष्टींचा आणि कारखान्यातल्या दिवसाचा काही संबंधच उरला नव्हता. १९०३ साली वडील वारले, तेव्हा कामगारांसाठी आयुष्य वेचण्याची शपथ कार्डिनने घेतली. १९११ मध्ये इंग्लंडात त्याने गोदी कामगारांचे पुढारी बेन टिलेट यांची भेट घेतली. संघटना ही पगारवाढीबरोबर माणूसही घडवते, हे त्याने तेथे पाहिले. पुढे ब्रुसेल्सजवळच्या लाकेन येथे त्याने शिवणकाम करणाऱ्या मुली आणि उमेदवार मुले यांची मंडळे काढली. त्यांतूनच १९२५ साली ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही चळवळ उभी राहिली.

तिची पद्धत तीन शब्दांत सांगता येते: पाहा, पारखा, करा. आठवड्याला एक लहान बैठक. ती मुलांपैकीच एकाने चालवायची. पाद्रीबुवांनी बाजूला बसायचे. समजा, कारखान्यात नव्या पोराची पहिल्या दिवशी टिंगल होते. प्रथम पाहायचे: कोण करतो, केव्हा, का? मग शुभवर्तमानाच्या कसोटीवर ते पारखायचे. शेवटी प्रत्येकाने झेपेल असे एक काम पत्करायचे. उदाहरणार्थ, उद्या फाटकाशी उभे राहून नव्या पोराला सोबत न्यायचे. पुढच्या बैठकीत झाल्या कामाचा हिशेब द्यायचा. यात श्रद्धेचे समर्थन कोठे आले, असे कोणी विचारील. ते येते ते असे: दोन दिवसांनी एखादा म्हणतो, ‘काय रे, तुला याची काय पडली आहे?’ हा प्रश्न पुस्तकातला नाही, आणि त्याचे उत्तरही मुलाचे स्वतःचे असते.

या शिकवणीची परीक्षाही झाली. चळवळीच्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी फर्नांड टोने आणि पॉल गार्से हे दोघे १९४५ साली दाखाऊच्या नाझी छळछावणीत मरण पावले. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रकात ही त्रिसूत्री पुरस्कारिली. १९६५ साली कार्डिन यांना कार्डिनल केले गेले आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र या पद्धतीने सारे साधले असे नाही. या चळवळीतच काम केलेल्या गोदँ आणि दानिएल या दोन फ्रेंच पाद्र्यांनी १९४३ साली पुस्तक लिहून विचारले की, फ्रान्स हाच आता मिशनचा मुलूख झाला आहे काय? कामगारवर्गाचा मोठा भाग दूरच राहिला होता. शिवाय नुसते ‘करा’ उरले आणि ‘पारखा’ सुटले, तर धर्मशिक्षणाचे समाजकार्य तेवढे होते. म्हणून प्रश्नोत्तरी हवीच. पण ती पायाचा दगड म्हणून, छप्पर म्हणून नव्हे.

आता आपल्या घरी येऊ. वसईच्या किंवा नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मुलाला त्रैक्याचा सिद्धांत क्वचितच कोणी विचारतो. त्याला विचारतात, ‘तुम्ही बाटलेले ना? किती तांदूळ मिळाले?’ ५२७ उत्तरे पाठ असली, तरी या घावावर त्यांतले एकही तयार मलम नाही. येथे कार्डिनची रीत उपयोगी पडेल. प्रथम पाहा: आजीला विचार, चर्चची जुनी नोंदवही पाहा, आपले घराणे या धर्मात कसे आले ते शोध. त्यात फादर स्टीफन्सचे १६१६ साली रायतूरला छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ भेटेल, आणि ही श्रद्धा चारशे वर्षे मराठीत बोलते आहे हे कळेल. त्यात पोर्तुगीज अमलातली जबरदस्तीही भेटेल, दुष्काळातली भूकही भेटेल, आणि जातीच्या जाचातून माणूस म्हणून उभे राहण्याची ओढही भेटेल. मग पारखा: यातले काय अभिमानाचे, काय खेदाचे, आणि आज मी कशासाठी ख्रिस्ती आहे?

शिक्षकांना येथे भीती वाटते. अप्रिय गोष्टी सांगितल्या तर मुलाची श्रद्धा डळमळेल, असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. जी कैफियत अडचणीची वस्तुस्थिती दडवते, ती पहिल्याच उलटतपासणीत कोसळते, आणि तिच्याबरोबर खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो. ‘हे घडले, ते वाईट होते; तरीही मी आज या कारणासाठी येथे उभा आहे,’ असे ज्या मुलाला शांतपणे सांगता येते, त्याला कोणी सहज हरवू शकत नाही. आणि ज्याचे उत्तर येत नाही तेथे ‘ठाऊक नाही, विचारून सांगतो’ म्हणायलाही त्याला शिकवावे. तेवढे म्हणण्याचे धैर्य असणे, हाही श्रद्धेचाच पुरावा आहे.