टाइपरायटर गेला, कंपनी राहिली: ‘गोदरेज’च्या सव्वाशे वर्षांची गोष्ट

या भागाचा हा लेखी मजकूर. हेडफोन घरी विसरलेल्यांनी लोकलमध्ये, एसटीमध्ये वाचून काढा.

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. तुमच्या घरात लोखंडी कपाट आहे का? आणि आजी त्याला काय म्हणते? बऱ्याच घरांत उत्तर एकच येतं: ‘गोदरेजचं कपाट’. मग ते गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने का बनवलेलं असेना! कंपनीचं नाव वस्तूलाच चिकटलं, इतकं ते घराघरांत पोचलं.

ही कंपनी म्हणजे गोदरेज अँड बॉइस. २०२२ साली तिला १२५ वर्षं पूर्ण झाली. आपल्या सरकारी आणि खासगी ऑफिसांत जे काही दिसायचं, म्हणजे तिजोरी, फायलींचं कपाट, स्टीलची टेबलं-खुर्च्या आणि टेबलावरचा टाइपरायटर, त्यातलं बरंचसं यांच्याच कारखान्यातून आलेलं. यातला टाइपरायटर आज कोणी विकत घेत नाही. मग कंपनी कशी टिकली? आज मला एवढंच समजावून सांगायचंय. कारण हा प्रश्न कंपनीइतकाच तुमच्या-माझ्या नोकरीचाही आहे.

आधी फसलेला धंदा

अर्देशर गोदरेज शिकले वकिली. ती जमली नाही. मग मेरवानजी कामा या परिचितांकडून ३,००० रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायला घेतली. माल चांगला होता, पण गिऱ्हाईक कंपनीची एक अट होती: त्यावर ‘भारतात बनवलेलं’ असा शिक्का नको. अर्देशर म्हणाले, शिक्का हवाच. धंदा बसला.

त्यानंतर आली कुलपं. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि १८९७ साली लालबागला एका छोट्या शेडमध्ये काम सुरू केलं. नावातले ‘बॉइस’ हे सुरुवातीचे भागीदार. ते लवकरच बाहेर पडले, नाव मात्र आजतागायत राहिलं. पुढे अर्देशर यांचे धाकटे भाऊ पिरोजशा आले आणि धंदा खऱ्या अर्थाने कुटुंबाचा झाला.

वस्तू बदलत गेल्या, हात तोच

आता क्रम नीट बघा. आधी कुलूप. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिजोऱ्या. १९२३च्या सुमारास स्टीलचं कपाट. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या, त्याही विक्रोळीच्या कारखान्यात, काही महिन्यांच्या मुदतीत. १९५५ साली टाइपरायटर. १९५८ साली फ्रिज.

वरवर बघितलं तर हे म्हणजे ‘मिळेल ते काम’. पण जरा खोलात जा. कुलूप म्हणजे काय? धातूचे छोटे तुकडे, जे एकमेकांत केसाइतक्या अचूकपणे बसले पाहिजेत. तिजोरी म्हणजे जाड पत्रा अधिक मोठं कुलूप. कपाट म्हणजे पातळ पत्रा अधिक छोटं कुलूप. मतपेटीचंही तसंच. कंपनी अशी हकिगत सांगते की, बाहेरून वेगळं कुलूप लावलं असतं तर पेटी महाग पडली असती. म्हणून आतच बंद होणारी कळ बसवण्याची कल्पना पुढे आली, आणि ती कारखान्यातल्याच एका कामगाराची होती.

म्हणजे कंपनी विकत होती वस्तू, पण साठवत होती कसब: पत्रा वाकवायचं, साचे बनवायचं, भाग भागात अचूक बसवायचं. एक वस्तू म्हातारी होईपर्यंत तेच कसब पुढच्या वस्तूत उतरलेलं असायचं.

टाइपरायटर एवढा अवघड का?

तुमच्या फोनवर तुम्ही ‘क’ दाबता तेव्हा आत काहीच हलत नाही. टाइपरायटरमध्ये सगळंच हलायचं. कळ दाबली की दांडा उचलला जायचा, टोकावरचं अक्षर शाईच्या फितीवर आपटायचं, कागदावर ठसा उमटायचा, आणि त्याच क्षणी कागदाचा गाडा बरोब्बर एक अक्षर पुढे सरकायचा. यासाठी हजाराहून जास्त सुटे भाग लागतात. एकाची झीज झाली तरी ओळ वाकडी येते.

मराठीत तर आणखी गंमत. आपली मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते, उकार पायाशी. ते उमटवताना गाडा पुढे सरकला तर मात्रा भलत्याच जागी पडणार. म्हणून काही कळा अशा ठेवल्या, की ठसा उमटतो पण गाडा जागचा हलत नाही. शिवाय एवढ्या अक्षरांना कळा पुरायच्या नाहीत. मग ‘भ’, ‘ख’ अशी काही अक्षरं दोन वेळा दाबून तयार व्हायची: आधी अर्धं अक्षर, मग काना.

पिरोजशांचे चिरंजीव नवल गोदरेज यांनी हे टाइपरायटरचं काम पुढे नेलं. समोर रेमिंग्टनसारखं बडं परदेशी नाव होतं. स्वातंत्र्य मिळून जेमतेम आठ वर्षं झालेल्या देशात असं यंत्र बनणं ही मोठीच गोष्ट होती. पण एक बाब सव्वाशे वर्षांच्या सोहळ्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. ती मी बोलतो. त्या काळात आयातीवर कडक बंधनं होती आणि कारखाना काढायला परवाना लागायचा. म्हणजे स्पर्धा मोजकीच. गुण होताच, पण कुंपणही होतं. १९९१ नंतर ते कुंपण निघालं, आणि पाठोपाठ कॉम्प्युटर आला.

तरीही नव्वदच्या दशकात वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास टाइपरायटर बनत होते. सरकारी कचेऱ्या, कोर्टं, जिथे वीज बेभरवशाची तिथे ते चालायचे. २००९ साली कंपनीने उत्पादन थांबवलं. २०११ साली ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती अर्धवट होती बरं का! इतर काही कंपन्या तेव्हाही टाइपरायटर बनवत होत्या. व्हायरल होणं आणि खरं असणं यात तेव्हाही फरक होताच.

धक्का कोणी सोसला?

कारखान्यात हे यंत्र थांबलं तेव्हा फ्रिज होते, कपाटं होती, कुलपं होती. इतकंच काय, इस्रोच्या रॉकेटसाठी इंजिनं जोडण्याचं कामही होतं. चांद्रयान-३ ज्या रॉकेटवर गेलं, त्याच्या इंजिनांत विक्रोळीचा हात आहे. कंपनीच्या एका खिशाला भोक पडलं, बाकीचे खिसे शाबूत होते.

कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून अर्ज टाइप करून देणाऱ्या माणसाला मात्र एकच खिसा होता. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचंही तेच. एकेकाळी ‘तीसचं झालं, चाळीसचं चालू आहे’ हे वाक्य लग्नाच्या बोलणीतसुद्धा यायचं. मिनिटाला तीस शब्दांचं सरकारी प्रमाणपत्र म्हणजे कारकुनाच्या नोकरीची पहिली पायरी. पुढे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली. काहींनी वर्गात कॉम्प्युटर आणले, काहींनी शटर ओढलं.

पण इथे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. यंत्र गेलं, कळांची मांडणी गेली नाही. मराठी टायपिंग करणारे कितीतरी लोक आजही कॉम्प्युटरवर ‘रेमिंग्टन’ मांडणीच वापरतात. ज्यांनी स्वतःला ‘टाइपरायटरवाला’ न म्हणता ‘बिनचूक मराठी लिहून देणारा’ म्हटलं, त्यांची बोटं नव्या कीबोर्डवरही चालली.

कुटुंबाची कंपनी: फायदा आणि धोका

गोदरेज अँड बॉइस शेअर बाजारात नाही. दर तीन महिन्यांनी नफ्याचा आकडा दाखवायची घाई नाही. म्हणून वर्षानुवर्षं पैसे अडकवणारं काम हाती घेता येतं, आणि विक्रोळीच्या खाडीकाठची खारफुटीही सांभाळता येते.

धोका त्याच घरात असतो. भावंडांची मुलं, त्यांची मुलं, प्रत्येकाचा विचार वेगळा. ३० एप्रिल २०२४ रोजी गोदरेज कुटुंबाने वाटणी जाहीर केली. आदी आणि नादिर गोदरेज यांच्याकडे साबण, घरबांधणी वगैरे कंपन्या गेल्या. जमशेद गोदरेज आणि स्मिता कृष्णा यांच्याकडे गोदरेज अँड बॉइस आली, विक्रोळीच्या जमिनीसह. कोर्टकचेरी न होता झालं, हे आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणांच्या तुलनेत मोठंच म्हणायचं.

तर मंडळी, आज तुम्ही जे ॲप, जे सॉफ्टवेअर शिकताय, त्याचाही एक दिवस टाइपरायटर होणार आहे. तेव्हा आज रात्री पाच मिनिटं काढा आणि कागदावर लिहा: माझ्या कामातून हे साधन काढून घेतलं, तर माझ्या हातात काय उरतं? जे उरेल ते कमेंटमध्ये कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.