लॅप बार, पोट आणि काही पक्के गैरसमज

अमेरिकेतल्या मुलाकडे जाणाऱ्या आई-बाबांच्या यादीत नायगाऱ्याच्या खालोखाल हल्ली ऑर्लँडो असतं. तिकिटं महाग, नातवंडं उतावीळ, आणि निघायच्या आधी कुणीतरी हळूच विचारतं, "ह्यांचं वजन एकशेदहा आहे, चालेल ना तिकडे?" सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, शंभरच्या वर कुठेच घेत नाहीत. दुसरा म्हणतो, अमेरिकेत सगळेच धिप्पाड, तिथे कसली आलीये अडचण! दोघांचंही चुकतं, कारण प्रश्नच चुकीच्या मापात विचारलेला असतो.

"अमुक किलोंच्या वर प्रवेश बंद"

रोलर कोस्टरच्या दाराशी सहसा वजनकाटा नसतो. उंचीची पट्टी असते, तीही मुख्यतः मुलांसाठी. मोठ्या माणसाच्या बाबतीत पाहिलं जातं ते इतकंच, की मांडीवरचा लॅप बार किंवा खांद्यावरून येणारा हार्नेस ठरलेल्या जागेपर्यंत येऊन लॉक होतो का. तो झाला तर गाडी सुटते, नाही झाला तर त्या माणसाला उतरावं लागतं. एकशेवीस किलोंचा सहा फुटी गडी आरामात बसतो आणि नव्वद किलोंचा, सगळं वजन पोटाशी असलेला बुटका गृहस्थ अडकतो, असं सर्रास होतं.

ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कने धोक्याची खूण म्हणून काही आकडे दिले आहेत. उंची 6 फूट 2 इंचांपेक्षा जास्त, वजन 225 पौंडांच्या (सुमारे 102 किलो) वर, कंबर 40 इंच किंवा छाती 52 इंच असेल, तर काही राइडमध्ये बसता येणार नाही अशी शक्यता. ही मनाई नव्हे, पूर्वसूचना आहे. या चारांत वजन फक्त एक आहे, हे लक्षात घ्यावं. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये 2023 साली मारिओ कार्टची राइड सुरू झाली, तेव्हा 40 इंचांच्या पुढे कंबर असलेल्यांना ती जमेलच असं नाही, अशी सूचना होती. त्यावर बरीच ओरड झाली. चाळीस इंच म्हणजे काही फार नव्हे. लग्नाच्या पंगतीत उजव्या-डाव्या हाताला बघितलं तरी सापडतील. आणि इथे पँटचा नंबर सांगून उपयोग नाही. आपल्याकडे पँट पोटाच्या खाली घालायची रीत आहे, तेव्हा 38 नंबरची पँट घालणाऱ्याचं बेंबीपाशी पोट 44 इंच भरू शकतं. राइडला दुसरा आकडा कळतो.

कधी अडचण भलत्याच ठिकाणी येते. डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली ट्रॉन ही राइड एप्रिल 2023 मध्ये उघडली. तिच्यात मोटरसायकलवर ओणवं व्हावं तसं बसायचं असतं आणि मागून एक अडसर पोटऱ्यांवर येतो. सायकलपटू आणि धावपटूसुद्धा, पोट सपाट असूनही, जाड पोटऱ्यांमुळे तिथे अडकू शकतात. अशांसाठी काही गाड्यांच्या शेवटी साध्या खुर्चीसारखी बैठक ठेवलेली आहे.

"बार पोटावर घट्ट बसला म्हणजे झालं"

सगळ्यांत धोकादायक गैरसमज हाच, म्हणून याला थोडा वेळ देऊ.

कोस्टरची गाडी टेकाड ओलांडून खाली येते, तेव्हा काही क्षण रूळ शरीरापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. शरीर सीटवरून उचललं जातं. पोटात गोळा येतो तो याच वेळी, आणि लोक पैसे मोजतात तेही त्याच क्षणासाठी. त्या क्षणी माणसाला धरून ठेवायचं काम मांडी आणि कमरेच्या सांध्यातल्या घडीवर टेकलेला बार करतो. तिथे हाड आहे, ते दबत नाही. पोट मात्र दबतं. बार पोटाला अडून वरच थांबला, तर स्टेशनात तो घट्ट वाटतो. पण शरीर वर उचललं गेलं की पोट दबतं, सरकतं, आणि बार व मांडीच्या मधे मोकळी जागा उरते.

मॅसॅच्युसेट्समधल्या सिक्स फ्लॅग्ज न्यू इंग्लंडमध्ये मे 2004 मध्ये सुपरमॅन राइडवरून एक माणूस बाहेर फेकला जाऊन मेला. त्याच्या आकारामुळे बार मांड्यांवर नीट बसलाच नव्हता आणि कर्मचाऱ्यांनीही तो पुरेसा तपासला नव्हता, असं चौकशीत निघालं. सात वर्षांनी, जुलै 2011 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅरिएन लेक पार्कात त्याच कंपनीने बनवलेल्या, त्याच जातकुळीच्या कोस्टरवरून एक माजी सैनिक पडून गेला. इराकच्या युद्धात त्याने दोन्ही पाय गमावले होते. दोन्ही पाय असल्याशिवाय बसता येणार नाही असा त्या राइडचा नियम होता, तरी त्याला बसू दिलं गेलं. एकाचं पोट मोठं, दुसऱ्याला पायच नाहीत. पण दोघांच्याही बाबतीत बारला टेकायला मांडी मिळाली नाही. लठ्ठपणाची चर्चा नैतिकतेच्या सुरात करणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत. यंत्राला तुमच्या सवयींशी देणंघेणं नाही.

म्हणून सीटमध्ये बसताना आधी पाठ आणि बैठक पूर्ण मागे टेकवावी, पोट हाताने वर घेऊन बार त्याच्या खाली, मांडीवर येऊ द्यावा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. श्वास रोखून, पोट आत ओढून कसंबसं लॉक करणं मात्र स्वतःलाच फसवणं आहे.

बारबरोबरचा पट्टा लहान का, मोठा का करत नाहीत, असंही विचारलं जातं. विमानात जोडपट्टा मिळतो, मग इथे का नाही? कारण कित्येक कोस्टरवर पट्ट्याची लांबी मुद्दामच बेताची ठेवलेली असते. पट्टा लागला, याचा अर्थ बार पुरेसा खाली आला. तो लांब केला तर ही परीक्षाच बाद होते.

"ऑपरेटरने मनावर घेतलं तर बसवतो"

बसवतो. तिथेच घात होतो. ऑर्लँडोच्या आयकॉन पार्कमध्ये फ्रीफॉल नावाचा सुमारे 430 फूट उंच मनोरा होता. मार्च 2022 मध्ये तिथून 14 वर्षांचा एक मुलगा पडून मेला. त्याचं वजन 170 किलोंच्या वर होतं आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत मर्यादा 130 किलो दिलेली होती. चौकशीत कळलं, की त्याच्या सीटच्या सेन्सरमध्ये हाताने फेरफार केलेला होता. हार्नेस आणि सीटमध्ये नेहमीपेक्षा सुमारे दुप्पट फट असूनही दिवा "सुरक्षित" दाखवत राहिला आणि मनोरा सुरू झाला. मोठ्या माणसांनाही घेता यावं म्हणून दाखवलेली ही सवलत त्या मुलाच्या जिवावर बेतली. मनोरा पुढे पाडला गेला आणि 2023 मध्ये फ्लोरिडाने अशा राइडचे नियम कडक करणारा कायदा केला.

तेव्हा "थोडं दाबा की हो, बसेल" असा आग्रह धरू नये. आणि जो कर्मचारी "नाही" म्हणतो, त्याच्याशी हुज्जत घालू नये.

"धोका जाड्यांना, बारक्यांना नाही"

एकाच बारखाली दोघांना बसवणाऱ्या राइड अजून पुष्कळ आहेत. जत्रेतल्या पाळण्यांत तर तीच पद्धत. बाबांच्या पोटाला अडून बार थांबतो आणि शेजारच्या सहा वर्षांच्या लेकीच्या मांडीपासून तो वीतभर वर राहतो. बाबा घट्ट, मुलगी मोकळी. अशा ठिकाणी मुलीला घरातल्या सडपातळ माणसाशेजारी बसवावं. बाबांच्या मायेने अंतर भरून निघत नाही.

"काट्यावर उभं करणं हा अपमान"

वॉटर पार्कमध्ये मात्र किलोंना खरंच अर्थ आहे. घसरगुंडीवर वजनाचा वेगावर आणि तराफ्याच्या वागण्यावर परिणाम होतो. म्हणून ऑर्लँडोच्या व्होल्केनो बेमधल्या सरळ कोसळणाऱ्या घसरगुंडीला 300 पौंडांची (136 किलो) मर्यादा आहे. कॅन्सस सिटीत 'फेरुक्ट' नावाची 168 फुटांहून उंच घसरगुंडी 2014 मध्ये उघडली. तराफ्यावर तिघे, आणि तिघांचं मिळून वजन 400 ते 550 पौंड असावं असा नियम. ऑगस्ट 2016 मध्ये पुढे 10 वर्षांचा मुलगा आणि मागे दोन मोठ्या स्त्रिया असा तराफा सुटला. बेरीज मर्यादेत, पण भार सगळा मागे. तराफा हवेत उडाला आणि मुलगा दगावला. काट्यावर चढवणाऱ्याने खरं तर आणखी एक गोष्ट विचारायला हवी होती : कोण कुठे बसणार?

"खांद्यावरचा हार्नेस असेल तरच भरवसा"

दिसतो भक्कम, म्हणून असं वाटतं. युनिव्हर्सलचा 2021 चा व्हेलॉसीकोस्टर माणसांना उलटं करतो, ताशी 70 मैलांनी पळतो, आणि हे सगळं फक्त लॅप बारवर. उलट खांद्यावरच्या हार्नेसमध्ये रुंद छातीची माणसं आणि भरल्या अंगाच्या बायका आधी अडकतात. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकातली नायट्रो याच, खांद्यावरून हार्नेस येणाऱ्या जातीची आहे. तिथे जाताना कमरेइतकाच छातीचा घेर महत्त्वाचा.

"आमच्यासाठी काही सोयच नसते"

असते, पण मागावी लागते. युनिव्हर्सलची हॅरी पॉटरची 'फॉरबिडन जर्नी' जून 2010 मध्ये उघडली, तेव्हा इतक्या लोकांना परत पाठवावं लागलं, की काही महिन्यांतच चार जणांच्या बाकावरच्या कडेच्या सीट बदलून अधिक ऐसपैस करण्यात आल्या. काही कोस्टरवर ठरावीक सीटना दोन पट्टे असतात, त्या मोठ्या छातीच्या माणसांसाठीच. युनिव्हर्सलच्याच, हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडच्या राइडमध्ये मोटरसायकल आणि साइडकार अशा दोन तऱ्हेच्या बैठका असतात, एक जमली नाही तर दुसरी मागावी. टेक्ससमधल्या न्यू टेक्सस जायंटवर 2013 मध्ये एक स्त्री पडून गेल्यावर राइड पुन्हा सुरू करताना नवे पट्टे बसवले आणि प्रवेशाशीच नमुन्याची सीट ठेवली.

अशी सीट मोठ्या पार्कांत अवघड राइडच्या बाहेर असते. तिच्यात आधी बसून पाहावं. दोन तास रांगेत ताटकळून, सगळ्या गाडीसमोर उतरावं लागण्याची नामुष्की त्याने टळते. दुपारच्या जेवणानंतर नव्हे, सकाळीच पाहावं. जाड जीन्स आणि खिशातला फोनसुद्धा अर्धा इंच खातात. राइड चालवणाऱ्याला "कडेची सीट मिळेल का" असं थेट विचारावं. हा प्रश्न तो रोज ऐकतो.

आणि आपल्याकडच्या पार्कांना एक मागणी. "जाड व्यक्तींना गैरसोय होऊ शकते" अशा मोघम पाट्या काढा. प्रत्येक राइडच्या बाहेर पोटाचा, छातीचा, मांडीचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि तिकीटखिडकीच्या अलीकडे एक रिकामी सीट ठेवा, लॅप बारसकट.