मुली खेळात अंग चोरतात का?



ह्या पानावर मी नेहमी बेणे, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा, पण आपल्या घरचाच आहे. इस्लापूर भागात ऊसनोंदीसाठी फिरताना एक वाक्य कानी पडते. शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ हरला की पालक म्हणतात, "पोरींना नेटच नाही. मैदानावर कशाला वेळ घालवायचा?" आणि मुलीचा खेळ बंद होतो. ह्या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहू.

फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाचे शेती-इंजिनिअर होऊन गेले. माणसांना दोर ओढायला लावून त्यांनी जोर मोजला व १९१३ साली निष्कर्ष छापले. एकट्याचा जोर १०० धरला, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा वाटा सुमारे ४९ वर आला. काही जोर ताळमेळ नसल्याने वाया जातो, हे खरे. पण १९७४ साली अमेरिकेत डोळ्यांवर पट्टी बांधून असाच प्रयोग झाला. मागची माणसे ओढण्याचे नुसते सोंग करीत होती. तरी मागे कोणी आहे एवढ्या समजुतीनेच पुढचा गडी सैल पडला. म्हणजे अंग चोरणे हा मनाचाही भाग आहे.

१९९३ साली अशा ७८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. ढिलेपणा पुरुष व स्त्रिया दोघांतही दिसला. मात्र स्त्रियांत तो कमी होता. आपल्याला हे नवीन नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाईने बांधलेल्या मोळ्यांची वेगळी नोंद कुठेच नसते, तरी तिचा हात थांबत नाही.

मग संघातली मुलगी ढिली का पडते? कारणे मुख्यतः चार. आपला वाटा कुणाला दिसत नाही. आपण नसलो तरी चालेल असे वाटते. दुसरी अंग चोरते, मग मीच का मरू, हा विचार येतो. आणि घरूनच अपेक्षा नसते. सराव अर्धा टाकून तिला पाणी भरायला बोलावले जाते.

आपल्या वजनकाट्याचे उदाहरण घ्या. प्रत्येक सभासदाची गाडी वेगळी मोजली जाते, पावती त्याच्या नावाची निघते. उद्या सगळ्या गाड्या एकत्र मोजून सरासरी टनेज वाटले, तर वेळेवर खत कोण घालील? खेळाचेही तसेच आहे.

आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला देशाचा झेंडा धरला. त्यांचा खेळ गोळाफेक. गोळा जितके मीटर जाईल, तितके त्यांच्याच नावावर. सांघिक खेळात मात्र ही नोंद कुणीतरी मुद्दाम ठेवावी लागते. खो-खोत ती सोय आहे : कोण किती मिनिटे पळाली, कुणी किती गडी बाद केले, हे वर्तमानपत्रातही नावानिशी येते. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे यांच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरविले.

तेव्हा पालकांनी व गुरुजींनी एवढे करावे :

१. प्रत्येक मुलीची वही ठेवावी. पळण्याची वेळ आणि गुण रोज लिहावेत व सर्वांसमोर वाचावेत.

२. प्रत्येकीला नेमके काम द्यावे. "सगळ्या मिळून करा" म्हटले की ते कुणाचेच राहत नाही.

३. सराव लहान गटांत घ्यावा.

४. हरल्यावर एकीच्या डोक्यावर खापर फोडू नये. जबाबदारी देणे वेगळे, दोष देणे वेगळे. दोषाच्या भीतीने मुलगी पुढे यायचेच सोडते.

५. महिन्यातून एकदा आई-वडिलांनी मैदानावर जावे. आपल्याकडे कुणी पाहते आहे, ह्याने पायांत बळ येते.

उसाच्या फडात आपण रोज चक्कर मारतो. मुलीच्या मैदानावर शेवटचे कधी गेलो होतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. तिला नेट नाही असे म्हणण्याआधी तिची वही एकदा उघडून बघा.

— ऊस विकास अधिकारी