एका देशात दोन सैन्ये

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सामाजिक शास्त्राचा तास संपत आला असताना नववीतला एक कॅडेट उभा राहिला. त्याचे वडील त्या वेळी दक्षिण लेबनॉनमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय बटालियनमध्ये होते. त्याने विचारले, "सर, बाबा म्हणतात, तिथं लेबनॉनचं सैन्य वेगळं आणि हिजबुल्ला वेगळी. एका देशात दोन सैन्यं कशी असू शकतात?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. दोन वाक्यांत सांगण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. नंतर वाचून, नकाशा समोर ठेवून जे उमगले ते इथे मांडतो.

लेबनॉन हा चिमुकला देश. क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. १९४३ मध्ये स्वतंत्र होताना तिथे सत्तेची वाटणी पंथांनुसार ठरली. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया. या वाटणीला आधार होता १९३२ च्या जनगणनेचा. त्यानंतर तिथे अधिकृत जनगणना झालेलीच नाही. दक्षिणेकडचे डोंगर आणि बेका खोरे इथला शिया समाज प्रामुख्याने शेतकरी आणि गरीब. बैरूतच्या सरकारचे त्याच्याकडे फारसे लक्ष नव्हते. १९७४ मध्ये इमाम मूसा सद्र यांनी या वंचितांची चळवळ उभारली. तिच्यातूनच 'अमल' ही सशस्त्र संघटना निघाली.

१९७५ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते पंधरा वर्षे चालले. दक्षिणेत पॅलेस्टिनी लढवय्यांचे तळ होते. ते मोडण्यासाठी इस्रायलने १९७८ मध्ये आणि पुन्हा जून १९८२ मध्ये लेबनॉनवर स्वारी केली. दुसऱ्या वेळी इस्रायली फौजा थेट बैरूतपर्यंत पोहोचल्या. तेव्हा इराणमधील क्रांतीला अवघी तीन वर्षे झाली होती. इराणने आपले रिव्होल्यूशनरी गार्ड बेका खोऱ्यात पाठवले. त्यांनी तरुण शिया गटांना प्रशिक्षण, पैसा आणि विचार दिला. त्यातून 'हिजबुल्ला' जन्मली. या शब्दाचा अर्थ 'अल्लाचा पक्ष'. १९८५ मध्ये जाहीरनामा काढून ती उघडपणे पुढे आली.

तिचा इतिहास रक्ताने भरलेला आहे. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी बैरूतमध्ये स्फोटकांनी भरलेली वाहने बराकींवर आदळवण्यात आली. त्यात अमेरिकेचे २४१ आणि फ्रान्सचे ५८ सैनिक ठार झाले. अमेरिका याचा दोष हिजबुल्लाला देते, संघटना तो नाकारते. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीने तिला दहशतवादी ठरवले आहे. दुसरीकडे, तिने शाळा, दवाखाने आणि मदतनिधी चालवले आणि १९९२ पासून निवडणुका लढवून संसदेत जागा मिळवल्या. दक्षिणेतल्या एखाद्या कुटुंबाला हीच संघटना औषध देते, मुलाची फी भरते आणि घरातल्या थोरल्याच्या हाती बंदूकही देते. म्हणूनच तिला नुसत्या शस्त्रांवरून ओळखता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८९ च्या ताइफ करारानुसार सर्व खाजगी फौजांनी शस्त्रे खाली ठेवायची होती. बहुतेकांनी ठेवली, हिजबुल्लाने ठेवली नाहीत. दक्षिणेत इस्रायलचा ताबा आहे तोवर आमचा लढा चालूच राहणार, हे तिचे कारण. सीरियाचा पाठिंबा असल्याने ते चालूनही गेले. २५ मे २००० पर्यंत इस्रायली फौजा माघारी गेल्या, तरी शस्त्रे मात्र राहिली. दोन सैन्ये झाली ती अशी.

याची किंमत २००६ मध्ये कळली. १२ जुलैला हिजबुल्लाने सीमा ओलांडून दोन इस्रायली सैनिक पळवले. लेबनॉनच्या मंत्रिमंडळाला कोणी विचारले नव्हते. त्यानंतर ३४ दिवस युद्ध झाले. लेबनॉनमध्ये सुमारे १,२०० माणसे मेली, त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक. इस्रायलमध्ये सुमारे १६०, त्यांत बहुसंख्य सैनिक. एवढे मोठे युद्ध होईल हे माहीत असते तर तो हुकूम दिला नसता, असे हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला यांनी नंतर स्वतः सांगितले. आपल्या नौदलाने 'ऑपरेशन सुकून'मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांना बैरूतमधून बाहेर काढले. त्या जहाजांत 'आयएनएस मुंबई'ही होती.

सुरक्षा परिषदेच्या १७०१ क्रमांकाच्या ठरावाने ते युद्ध थांबले. सीमेवरची 'निळी रेषा' आणि लिटानी नदी यांच्यामध्ये लेबनॉनचे सैन्य व शांतिसेना यांच्याखेरीज कोणाकडेही शस्त्र नसावे, असे ठरले. प्रत्यक्षात ते झाले नाही. पुढे हिजबुल्लाचे लोक असद सरकारच्या बाजूने सीरियातही लढले. ८ ऑक्टोबर २०२३ पासून गाझाच्या समर्थनार्थ त्यांनी इस्रायलवर मारा सुरू केला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच पेजरांचे स्फोट झाले, २७ तारखेला नसरल्ला मारले गेले. २७ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये लेबनॉनच्या मंत्रिमंडळाने सर्व शस्त्रे फक्त राज्याच्या हाती आणण्याची योजना आखण्याचे काम आपल्या सैन्याकडे सोपवले.

भारतीय बटालियन तिथे १९९८ पासून आहे. गस्त, टेहळणी आणि नोंदी हे तिचे काम. आपले पशुवैद्य गावकऱ्यांच्या गुरांवर उपचार करतात, हेही तिथे सर्वांना ठाऊक आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजी नकूरा इथल्या शांतिसेनेच्या मुख्यालयातील मनोऱ्यावर इस्रायली रणगाड्याचा गोळा लागून दोन इंडोनेशियन सैनिक जखमी झाले. ती बातमी आली त्या दिवशी आमचा कॅडेट मेसमध्ये जेवला नाही.

पुढच्या तासाला मी त्याला म्हणालो, "राज्य जिथं पोहोचत नाही, तिथं दुसरं कोणी तरी पोहोचतं. आणि ज्याच्या हाती बंदूक असते, तो साऱ्या देशाच्या वतीनं युद्ध ठरवू शकतो." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, आपल्याकडे हुकूम एकाच ठिकाणाहून येतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे!"

कॅडेट मित्रांनो, परेडच्या मैदानावर हुकुमाची वाट पाहत उभे असाल, तेव्हा हे वाक्य आठवा. त्याचे वडील सुखरूप परतले आहेत.