रस्त्याकांठची मिसळ

ट्रॉम्ब्याहून पुण्याकडे मोटारीनें निघालें म्हणजे मानखुर्द मागें पडतें, खाडीवरील पूल ओलांडला जातो, आणि पनवेल येईपर्यंत पोटांत कावळे ओरडूं लागतात. अशा वेळीं रस्त्याकांठच्या उपाहारगृहांत जो पदार्थ हमखास समोर येतो, त्या मिसळीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रवाशाची व कामकऱ्याची भूक घड्याळ पाहून लागत नाहीं. अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरांत १८७२ सालीं वॉल्टर स्कॉट नांवाच्या गृहस्थानें घोड्याच्या गाडींतून रात्रीं खाद्यपदार्थ विकण्यास आरंभ केला. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतील कामकरी त्याचें गिऱ्हाईक होते. 'डायनर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील उपाहारगृहांचा उगम या गाडींत मानतात. पुढें प्रांतोप्रांतीं त्यांची चव निराळी झाली. दक्षिणेंत न्याहारीस मक्याच्या भरड्याची पेज आली, तर सिन्सिनाटीस स्पॅगेटीवर मसालेदार खिमा पडूं लागला.

आपल्या मिसळीचेंहि असेंच आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ आधींच शिजलेली असते, कट मंद आंचेवर उकळत असतो, फरसाण डब्यांत टिकतें. गिऱ्हाईक आल्यावर केवळ जुळणी करावयाची. म्हणूनच हा पदार्थ रस्त्याला मानवला. कटावर तरंगणारी लाल तर्री ही तेलाची किमया होय. मिरचीचा रंग पाण्यापेक्षां तेलांत चांगला उतरतो, आणि वाटण नीट परतलें कीं तें तेल सुटून वर येतें. फरसाण मात्र अगदीं शेवटीं घालावें, नाहींतर त्याचा कुरकुरीतपणा जातो.

एवढा सांगाडा सर्वत्र सारखा. प्राण मात्र गांवोगांवचा वेगळा. कोल्हापुरांत कांदा-लसूण मसाल्याचा झणझणीत कट असतो. पुण्यास पोहे, बटाट्याची भाजी व किंचित् गूळ यांनीं तिखटपणा सौम्य होतो. नाशिकला काळ्या मसाल्याचा दाट रस्सा, जोडीला पापड व दहीं. नागपूरकर तर हरभऱ्याची तर्री थेट पोह्यांवरच ओततात.

तर मग चव मातीची कीं माणसांची? याचें उत्तर ट्रॉम्ब्याच्या शेजारींच मिळतें. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित चेंबूरच्या छावणींत आले. त्यांनीं घरदार मागें टाकलें, पण मऊ डाळ आणि कुरकुरीत पकवान यांची न्याहारी बरोबर आणली. आज दाल-पकवान ही चेंबूरची ओळख आहे. गांव सुटलें तरी पाककृति जगली, कारण ती जाणणारे हात आणि ती मागणारी जीभ एकत्र राहिली.

मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला आणि पुष्कळांचा जुना रस्ता सुटला. रस्ते बदलणारच; त्यांत शोक करण्यासारखें कांहीं नाहीं. खरी भीति निराळी आहे. तयार मसाल्याचें एकच पाकीट सर्व चुलींवर फुटूं लागलें, तर पाटीवर 'कोल्हापुरी' लिहिलें काय आणि 'नाशिक' लिहिलें काय, वाटींत फरक उरणार नाहीं. तेव्हां यापुढें वाटेंत मिसळ मागविली, तर मालकाला एवढेंच विचारावें: "कटाचा मसाला घरींच कुटतां का?" हा प्रश्न विचारणारे असतील, तोंवर मसाला कुटणारेहि राहतील.