परिपाठातील प्रार्थना आणि न विचारलेली संमती

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माला किती जागा असावी, या प्रश्नाचे उत्तर भारतीय संविधानाने अनुच्छेद २८ मध्ये दिले आहे. मात्र ते सर्व शाळांना एकच नाही, तर शाळेचा खर्च कोण उचलतो यानुसार ते बदलत जाते. संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण, म्हणजे एखाद्या धर्माची श्रद्धा व आचार विद्यार्थ्यांच्या मनात रुजवण्यासाठी दिलेले शिक्षण, मुळीच देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते देता येते, परंतु अशा शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची संमती आवश्यक ठरते. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतून एखाद्या अनुदानित विद्यालयात जाणारे मूल त्यामुळे नकळत एका कायदेशीर व्यवस्थेतून दुसरीत प्रवेश करते, जरी दोन्हीकडील सकाळचा परिपाठ त्याला जवळपास सारखाच वाटत असला तरी.

हा वाद या भागाला नवा नाही. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतात होता, आणि त्याच प्रांतात, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावकऱ्यांनी दान दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी आणि त्यातूनच शिक्षकाचे वेतन भागवावे, ही कल्पना तिजोरी रिकामी असलेल्या प्रांतासाठी व्यवहार्य होती. तरीही मुस्लिम लीगने तिला तीव्र विरोध केला, आणि त्या विरोधाचे मूळ जमिनीच्या हिशेबात नसून शाळेला दिलेल्या ‘मंदिर’ या नावात होते. त्याच काळात शाळांमधून वंदे मातरम् म्हणण्यावरही आक्षेप घेतला जात होता, आणि काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ मध्ये त्या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असा ठराव केला होता. लीगच्या १९३८ च्या पिरपूर अहवालात या तक्रारींना जागा मिळाली. लीगच्या राजकारणाचा हेतू बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते: योजना आखणाऱ्यांना जे नाव पवित्र आणि निरुपद्रवी वाटले, ते काही पालकांना परक्या उपासनेचे वाटेल, याचा अंदाज त्यांना आधी आला नाही.

संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी (ज्यांनी पुढे १९५४ साली भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि त्यात ते पराभूत झाले) सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको, याची कारणे व्यवहाराच्या भाषेत मांडली. करातून जमा झालेला सर्वांचा पैसा एका धर्माच्या प्रसारासाठी वापरणे हे एका धर्माच्या फायद्यासाठी कर घेण्यास बंदी घालणाऱ्या तत्त्वाशी विसंगत आहे. शिवाय देशात इतके धर्म व पंथ आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचा दावा दुसऱ्याचा दावा इतका खोडणारा आहे, की प्रत्येकाच्या शिक्षणाची सोय एकाच शाळेत करू गेल्यास शाळेची शांतताच धोक्यात येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

धर्माविषयी शिकणे आणि धर्म शिकणे यांतील फरक पुढे न्यायालयांनी स्पष्ट केला. डी.ए.व्ही. कॉलेजच्या १९७१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे म्हटले, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील विविध धर्मांच्या परिचयालाही मान्यता दिली. प्रार्थनेच्या बाबतीत मात्र रेषा इतकी सुबक राहत नाही. मराठी शाळांत सर्रास म्हटले जाणारे पसायदान कोणत्याही पंथासाठी काही मागत नाही, पण ते गीतेवरील टीकेचा समारोप आहे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना विदर्भात सर्व धर्मांना एकत्र आणण्याच्या हेतूने रुजली, तरी तिचे रूप भजनाचेच आहे. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका २०१९ साली मोठ्या घटनापीठाकडे सोपवावी असे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाला वाटले, यावरूनच या प्रश्नाची अवघड जागा कळते.

सक्तीच्या मुद्द्यावर न्यायालयांची भूमिका अधिक ठाम आहे. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण ते म्हणत नसत. त्यांना शाळेतून काढणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला. महाराष्ट्रात नाशिकच्या एका शिक्षकाने परिपाठात उभे राहूनही हात जोडले नाहीत, ही बेशिस्त मानून त्याला वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हात जोडण्याची सक्ती ही मूलभूत हक्काचा भंग ठरते असे स्पष्ट केले. हे प्रकरण विद्यार्थ्याचे नव्हे तर शिक्षकाचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण नोकरीची सुरक्षितता व कायद्याची माहिती असलेल्या प्रौढालाही न्याय मिळवण्यासाठी काही वर्षे जावी लागली.

अमेरिकेचा मार्ग वेगळा आहे. तेथील संविधानाच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने शासनाला धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली आणि त्याच वाक्यात धर्माचरणाचे स्वातंत्र्यही दिले. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी रचलेली बावीस शब्दांची, कोणत्याही पंथाचे नाव न घेणारी प्रार्थना १९६२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि तीही इच्छा नसलेल्या मुलाला गप्प राहण्याची किंवा वर्गाबाहेर जाण्याची मुभा असताना. प्रार्थना रचणे हे शासनाचे कामच नव्हे, आणि सरकारी पाठबळ एका उपासनेमागे उभे राहिले की अल्पसंख्याकांवर अप्रत्यक्ष दडपण येतेच, अशी त्यामागची भूमिका होती. भारतीय व्यवस्थेने धर्म शाळेबाहेर ठेवण्याचा हट्ट धरला नाही, आणि गणेशोत्सव, ईद व नाताळ या तिन्हींची सुट्टी असलेल्या देशात तो हट्ट टिकलाही नसता. पण त्याची किंमत म्हणून तिने सारा भार संमतीवर टाकला आहे.

तो भार पूर्व विदर्भातील गावात कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी वर्गात सरस्वतीपूजनाला बसावे की नाही, हा प्रश्न दीक्षेच्या वेळी घेतलेल्या, हिंदू देवतांची पूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञांमुळे त्यांच्या घरात नुसता आवडीनिवडीचा राहत नाही. गोंड मुलाचे देव तर शाळेच्या कोणत्याच तसबिरीत नसतात. अशा घरातील शेतमजूर पालकाने मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन ‘आमच्या मुलाला यातून वगळा’ असे म्हणावे, अशी कायद्याची अपेक्षा नसून शाळेनेच आधी संमती घ्यावी, असे अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाचे शब्द सांगतात. व्यवहारात मात्र क्रम उलटा झाला आहे आणि मौन हीच संमती धरली जाते. शाळेच्या नोंदवहीत व दाखल्यावर मुलाचा धर्म आणि जात यांचा रकाना असतो. परिपाठातील प्रार्थनेला किंवा पूजेला पालकाची संमती आहे काय, हे विचारणारा रकाना प्रवेश अर्जात सहसा आढळत नाही.